विद्यापीठांची प्रास्ताविक व्याख्याने आणि खेड्यातील शिक्षक

मराठीत विद्वान मनुष्यास 'बहुश्रुत' म्हणण्याचा प्रघात आहे. पुष्कळ वाचलेला असा या शब्दाचा अर्थ नसून पुष्कळ ऐकलेला असा आहे. ग्रंथ दुर्मिळ होते त्या काळी ज्ञान कानांवाटेच येत असे. पुराणिक, कीर्तनकार आणि प्रवासी साधू यांच्या मुखातून गावाला बाहेरचे जग कळे. पुढे छापखाने आले, वाचनालये निघाली, तरी जाणत्याच्या तोंडून विषय समजून घेण्याची गोडी कमी झाली नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि शहराशहरांतून तिचे अनुकरण झाले. विद्यापीठांनीही बहिःशाल शिक्षण मंडळांच्या द्वारे आपले व्याख्याते लहान गावांत धाडण्याचा उपक्रम चालविला.

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाची अडचण निराळीच आहे. तो दिवसभर इतरांना ऐकवितो. परंतु त्याने ज्याचे ऐकावे असा कोणी त्याच्या आसपास नसतो. द्विशिक्षकी शाळेत गणित, विज्ञान, परिसर अभ्यास आणि भाषा हे सर्व विषय त्यालाच शिकवावे लागतात. पदविका घेऊन दहा-पंधरा वर्षे लोटली की पाठ्यपुस्तक हीच त्याच्या ज्ञानाची सीमा होऊन बसते. दिवसा चंद्र का दिसतो, शून्याने भागले तर काय होते, बी जमिनीत उलटे पडले तरी कोंब वरच का येतो, असे प्रश्न मुले विचारतात. उत्तर सापडत नाही तेव्हा 'पुढच्या वर्गात कळेल' असे सांगून वेळ निभावली जाते. असे दोन-तीनदा घडले की मूल विचारणे सोडून देते. हे नुकसान कोणत्याही तपासणी-अहवालात नोंदले जात नाही, पण ते मोठे आहे.

या अडचणीवर एक साधन आज शिक्षकाच्या हाताशी आले आहे. देशोदेशींच्या विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या वर्गात दिलेली व्याख्याने चित्र आणि ध्वनी यांसह मुद्रित करून इंटरनेटवर ठेवण्यात आलेली आहेत. त्यांतील पुष्कळशी विनामूल्य आहेत. गणित, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र असा एकही महत्त्वाचा विषय नाही की ज्याचा आरंभ अशा व्याख्यानांतून ऐकता येत नाही. हे साधन कसे निर्माण झाले, त्याचा उपयोग कितपत आहे आणि ते कसे वापरावे, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रास्ताविक व्याख्यान म्हणजे काय

विद्यापीठातील अध्यापनाचे स्थूलमानाने दोन प्रकार असतात. एक, ज्याने विषय अगोदर अभ्यासिला आहे त्याच्यासाठी. दुसरा, जो विषयाच्या उंबरठ्यावर उभा आहे त्याच्यासाठी. दुसऱ्या प्रकारातील व्याख्यानांस प्रास्ताविक व्याख्याने म्हणतात. त्यांत श्रोत्याकडून पूर्वज्ञानाची अपेक्षा थोडी असते. संज्ञांची व्याख्या करून मगच त्या वापरल्या जातात. विषयात कोणते प्रश्न विचारले जातात, ते का विचारले जातात आणि त्यांची उत्तरे शोधण्याची रीत कोणती, हे सांगण्यावर भर असतो.

हे काम सोपे आहे असा समज चुकीचा आहे. पहिलीच्या वर्गाला शिकविणे हे चौथीच्या वर्गाला शिकविण्यापेक्षा अवघड, हे प्रत्येक अनुभवी शिक्षक जाणतो. विद्यापीठांतही तीच गोष्ट खरी आहे. म्हणूनच अनेक नामवंत विद्यापीठांत पहिल्या वर्षाचा वर्ग ज्येष्ठ प्राध्यापकांकडे दिला जातो.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील आहे. तेथील पदार्थविज्ञानाचा प्रारंभिक अभ्यासक्रम जुना झाला होता. तो नव्याने बांधण्यासाठी रिचर्ड फाइनमन या थोर शास्त्रज्ञाने १९६१ ते १९६३ या काळात पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतः शिकविले. त्या व्याख्यानांचे ग्रंथ झाले आणि ते आजही जगभर अभ्यासिले जातात. फाइनमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते त्यानंतर, १९६५ साली. नवे शोध लावणाऱ्या मनुष्याला पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकविणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सभागृहापासून इंटरनेटपर्यंत

विद्वानांनी सामान्य जनांसाठी व्याख्याने देण्याची परंपरा पाश्चात्य देशांतही जुनी आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली मुलांसाठी नाताळातील विज्ञान-व्याख्याने सुरू झाली. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने ती अनेक वर्षे स्वतः दिली. बांधणी-कामगार म्हणून पुस्तके शिवता शिवता ती वाचणारा आणि व्याख्याने ऐकून विज्ञानाकडे वळलेला हा मनुष्य; ऐकण्याचे मोल त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

मात्र सभागृहातील व्याख्यान हे सभागृहापुरतेच राहते. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांनी ही भिंत प्रथम ओलांडली. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९७१ च्या जानेवारीपासून बी. बी. सी. वरून त्याचे पाठ प्रसारित होऊ लागले. भारतात १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर उच्चशिक्षणविषयक कार्यक्रमांचा आरंभ केला. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिक येथे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आज ते यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने ओळखले जाते.

दूरदर्शनची अडचण वेळेची होती. पाठ प्रसारित होई तेव्हा शिक्षक शाळेत असे किंवा शेतात. एखादे वाक्य निसटले तर ते पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. इंटरनेटने ही अडचण दूर केली. व्याख्यान हवे तेव्हा लावता येते, थांबविता येते, मागे नेऊन पुन्हा ऐकता येते.

या कामी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकन संस्थेने घेतलेला निर्णय महत्त्वाचा ठरला. नव्या शतकाच्या आरंभी अनेक विद्यापीठे इंटरनेटवरून शिक्षण विकण्याच्या खटपटीत होती. या संस्थेतील प्राध्यापकांच्या समितीने मात्र उलट शिफारस केली. अध्यापनाची सामग्री विकू नये, ती सर्वांना मोफत द्यावी, असा त्यांचा अभिप्राय पडला. संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी एप्रिल २००१ मध्ये तशी घोषणा केली. सप्टेंबर २००२ मध्ये ५० अभ्यासक्रमांची सामग्री प्रसिद्ध झाली आणि पुढे ही संख्या अडीच हजारांवर गेली. सर्वच अभ्यासक्रमांसोबत चित्रमुद्रित व्याख्याने नाहीत; काहींत केवळ टाचणे, स्वाध्याय आणि प्रश्नपत्रिका आहेत. परंतु ज्यांत व्याख्याने आहेत ती उतरवून घेऊन नंतर इंटरनेटवाचूनही पाहता येतात.

येल विद्यापीठाने डिसेंबर २००७ मध्ये सात प्रास्ताविक अभ्यासक्रमांची संपूर्ण व्याख्याने खुली केली आणि पुढे ही संख्या चाळीसच्या आसपास नेली. या संग्रहाचा एक गुण असा की, प्रत्येक व्याख्यानाचा शब्दशः लिखित मजकूरही सोबत दिलेला आहे. मूलभूत पदार्थविज्ञानावरील तेथील व्याख्याने राममूर्ती शंकर यांची आहेत. त्यांचे स्वतःचे पदवीशिक्षण मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये झालेले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मायकेल सँडेल यांची 'न्याय' या विषयावरील बारा भागांची मालिका २००९ साली प्रसिद्ध झाली. योग्य काय आणि अयोग्य काय हे ठरवावे कसे, हा तिचा विषय असून प्राध्यापक प्रश्न विचारतात आणि विद्यार्थी एकमेकांशी वाद घालतात, अशी तिची रचना आहे.

भारतातील प्रयत्न

आपल्या देशात सात आय. आय. टी. आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून, केंद्र शासनाच्या साहाय्याने, २००३ साली एन. पी. टी. ई. एल. नावाची योजना सुरू केली. आरंभी तिचा भर अभियांत्रिकीवर होता. हळूहळू तीत मूलभूत विज्ञान, गणित, मानव्यविद्या आणि व्यवस्थापन हे विषय आले. २०१४ पासून या योजनेत आठवड्यागणिक स्वाध्याय आणि शेवटी परीक्षा असे अभ्यासक्रमही चालू झाले. अभ्यासास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या व्यासपीठाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी 'स्वयम्प्रभा' ही उपग्रहाद्वारे चालणारी शैक्षणिक वाहिन्यांची योजनाही सुरू झाली. तिचा आरंभ ३२ वाहिन्यांनी झाला. ज्या वस्तीवर मोबाइलचे जाळे क्षीण आहे, तेथे छपरावरील डिशच्या साहाय्याने या वाहिन्या पाहता येतात, हा तिचा मोठा लाभ आहे.

प्राथमिक शिक्षकांचा या व्यासपीठाशी संबंध पूर्वीच आला आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना मार्च २०१९ पर्यंत पदविका मिळविणे आवश्यक ठरले. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने जो अभ्यासक्रम चालविला, त्याचे पाठ 'स्वयम्' वरूनच दिले गेले आणि देशातील दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी त्यात नाव नोंदविले. गावात राहून, नोकरी सांभाळून या मार्गाने शिकता येते, हे त्यावरून दिसून आले.

एका व्याख्यानाचा नमुना

अशा व्याख्यानांत नेमके काय असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गिल्बर्ट स्ट्रँग हे मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत १९६२ पासून गणित शिकवीत होते. त्यांनी आपले अखेरचे व्याख्यान २०२३ च्या मे महिन्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी दिले. त्यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने १९९९ साली मुद्रित झाली आणि नंतर इंटरनेटवर आली. त्यांत चित्रांची झगमग नाही. एक मोठा फळा, हातात खडू आणि विद्यार्थ्यांनी भरलेला वर्ग, इतकेच साहित्य आहे.

पहिल्या व्याख्यानाचा आरंभ दोन साध्या समीकरणांनी होतो: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. माध्यमिक शाळेत शिकलेल्या कोणालाही ही सोडविता येतील. क्ष = १ आणि य = २ हे उत्तर आहे. प्राध्यापक येथेच थांबत नाहीत. या समीकरणांकडे दोन रीतींनी पाहता येते असे ते दाखवितात.

पहिली रीत ओळीची. प्रत्येक समीकरण ही आलेखावरील एक सरळ रेषा. पहिली रेषा आरंभबिंदूतून जाते. दुसरी तिला एका ठिकाणी छेदते. जेथे त्या भेटतात तो बिंदू म्हणजे उत्तर. ही रीत शाळेत शिकविलेली असते.

दुसरी रीत स्तंभाची. येथे समीकरणे आडवी न वाचता उभी वाचावयाची. क्ष च्या खाली २ आणि −१ हे अंक येतात. य च्या खाली −१ आणि २ येतात. उजव्या बाजूस ० आणि ३ आहेत. या प्रत्येक जोडीला एक बाण समजावे. पहिला बाण दोन घरे उजवीकडे आणि एक घर खाली जातो. दुसरा बाण एक घर डावीकडे आणि दोन घरे वर जातो. आता प्रश्न असा होतो: पहिला बाण किती वेळा आणि दुसरा बाण किती वेळा घेतला म्हणजे मनुष्य आरंभबिंदूपासून सरळ तीन घरे वर पोहोचेल? पहिला एकदा आणि दुसरा दोनदा. कारण २ मधून दोनदा १ गेला की ० उरतो, आणि −१ मध्ये दोनदा २ मिळविले की ३ होतात. उत्तर तेच, परंतु चित्र निराळे.

या दुसऱ्या चित्रावर पुढील सारा अभ्यासक्रम उभा आहे. समीकरणे दोन असोत की दोन हजार, रेषा काढून भागत नाही; पण बाणांची जुळणी हा विचार तसाच लागू पडतो.

प्राथमिक शिक्षकास रेषीय बीजगणित शिकवावयाचे नसते, हे खरे. मग या व्याख्यानातून त्याने काय घ्यावे? विद्यार्थ्याला जे येते तेथून आरंभ करणे, लहान आकडे निवडणे, उत्तर माहीत असताही थांबून 'याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहता येईल काय' असे विचारणे, ही अध्यापनाची रीत त्याने घ्यावी. एक-चतुर्थांश हा अपूर्णांक शिकविताना भाकरीचे चार सारखे भाग करून दाखविणे ही एक बाजू झाली. बारा चिंचोके चौघांत वाटून प्रत्येकी तीन येतात हे दाखविणे ही दुसरी. पहिल्या वेळी एका वस्तूचा भाग झाला, दुसऱ्या वेळी समूहाचा. दोन्ही चित्रे मनात बसल्यावाचून अपूर्णांक समजत नाही. चौथीच्या वर्गातील ही गोष्ट आणि विद्यापीठाच्या फळ्यावरील ती गोष्ट एकाच जातीची आहे.

शिक्षकास जवळचा असा दुसरा विषय म्हणजे मानसशास्त्र. येल विद्यापीठातील पॉल ब्लूम यांच्या प्रास्ताविक व्याख्यानमालेत लहान मुलांचा विचार कसा वाढतो यावर स्वतंत्र व्याख्यान आहे. जाँ पियाजे यांच्या सिद्धांताचे विवेचन त्यात येते. उंच पेल्यातील पाणी पसरट भांड्यात ओतले की ते कमी झाले असे पाच वर्षांचे मूल सांगते, हे त्यांचे निरीक्षण अनेक शिक्षकांना पदविकेच्या अभ्यासातून ठाऊक आहे. पण त्या अभ्यासानंतर शास्त्र पुढे गेले आहे. कॅरन विन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच महिन्यांच्या बालकांना एक बाहुली दाखविली, मग ती पडद्याआड झाकली आणि बालकांच्या देखत दुसरी बाहुली पडद्यामागे ठेवली. पडदा काढल्यावर दोनऐवजी एकच बाहुली दिसली तर बालके अधिक वेळ पाहत राहिली. शब्द फुटण्यापूर्वीच लहान संख्यांची काहीएक जाण असते, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. पहिलीच्या मुलाची पाटी कोरी असते असे समजून शिकविणाऱ्या शिक्षकास ही माहिती विचार करावयास लावील.

साधनाच्या मर्यादा

या साधनाविषयी अवास्तव कल्पना बाळगणे इष्ट नाही. त्याच्या चार मर्यादा विशेषतः लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा भाषेची. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्या शिक्षकाला परकीय उच्चार आरंभी समजत नाहीत आणि दहा मिनिटांत धीर सुटतो. विद्यापीठातील प्राथमिक ज्ञान मराठीतून ऐकावयास मिळावे, ही गरज अद्याप पुरी झालेली नाही. एन. पी. टी. ई. एल. ने काही अभ्यासक्रमांचे लिखित पाठ मराठीसह भारतीय भाषांत आणले आहेत, पण विषयांच्या विस्ताराच्या मानाने हे काम थोडे आहे. यंत्राने केलेली भाषांतरे मिळतात. त्यांत पारिभाषिक संज्ञांची चूक होण्याचा संभव असल्याने ती तपासून घ्यावी लागतात.

दुसरी मर्यादा चिकाटीची. जे सहज मिळते ते सहज सोडले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन अध्यापकांनी २०११ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवरून सर्वांना खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. शेवटपर्यंत पोहोचले ते सुमारे २३,०००. पुढील वर्षांत निघालेल्या अशा अभ्यासक्रमांत तर हे प्रमाण आणखी घटले. याचा दोष सर्वस्वी श्रोत्यांवर टाकता येत नाही. पुष्कळ जण केवळ डोकावून पाहण्यासाठी येतात. तरी केवळ नाव नोंदविणे म्हणजे शिकणे नव्हे, हा बोध त्यातून घ्यावा.

तिसरी मर्यादा संवादाची. मुद्रित व्याख्याता श्रोत्याचा चेहरा पाहू शकत नाही. शंका आली तर तो थांबत नाही. फाइनमन यांनी आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथास १९६३ साली जी प्रस्तावना लिहिली, तीत स्वतःच्या प्रयत्नाच्या यशाविषयी साशंकता व्यक्त केली आहे. चांगला शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील प्रत्यक्ष संबंधातूनच उत्तम शिक्षण घडते, विद्यार्थ्याने विचारांची चर्चा केली पाहिजे, नुसते ऐकून फारसे पदरी पडत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. जगातील गाजलेल्या व्याख्यात्याने व्याख्यानाची मर्यादा इतक्या स्पष्टपणे मान्य करावी, ही गोष्ट खेड्यातील शिक्षकाला आधार देणारी आहे. त्याच्यासमोर वीस मुले बसलेली असतात आणि त्या प्रत्येकाचा चेहरा त्याला वाचता येतो.

चौथी मर्यादा शाश्वतीची. जे आज खुले आहे ते उद्या खुले राहीलच असे नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने वर्गातील व्याख्यानांचा फार मोठा संग्रह लोकांसाठी खुला ठेवला होता. त्यांतील पुष्कळ व्याख्यानांना लेखी मथळे नसल्याने कर्णबधिरांना त्यांचा उपयोग होत नाही, अशी तक्रार झाली. अमेरिकेच्या न्यायखात्याने २०१६ साली ती ग्राह्य धरली. दुरुस्तीचा खर्च मोठा होता. परिणामी २०१७ च्या मार्चमध्ये वीस हजारांहून अधिक मुद्रणे सार्वजनिक उपयोगातून काढून घेण्यात आली. तक्रार न्याय्य होती. ज्ञान खुले करावयाचे तर ते ज्याला ऐकू येत नाही त्यालाही खुले असले पाहिजे. परंतु शेवट असा झाला की, जे काहींना मिळत नव्हते ते पुष्कळांना मिळेनासे झाले. कोणतीही सार्वजनिक सोय उभारताना आरंभीच सर्वांचा विचार न केल्यास काय होते, याचे हे उदाहरण आहे. उपयुक्त वाटणारे व्याख्यान, जेथे तशी अनुमती असेल तेथे, उतरवून घेऊन जपून ठेवावे हे उत्तम.

श्रवण, मनन आणि निदिध्यासन

ज्ञानप्राप्तीच्या या तीन पायऱ्या आपल्या परंपरेने सांगितल्या आहेत. मुद्रित व्याख्यानांच्या बाबतीत त्या जशाच्या तशा लागू पडतात.

श्रवण: एका वेळी एकच विषय निवडावा आणि तो वर्गातील गरजेतून निवडावा. विज्ञानाच्या पाठात अडचण येत असेल तर पदार्थविज्ञान, मुलांच्या वर्तनाचे कोडे असेल तर मानसशास्त्र. तासाभराचे व्याख्यान एका बैठकीत संपविण्याचा आग्रह धरू नये. इंटरनेटवरील अभ्यासक्रमांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसून आले की, एका चित्रफितीवर श्रोत्याचे लक्ष साधारणपणे सहा मिनिटांहून अधिक टिकत नाही. म्हणून व्याख्यानाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. बोलण्याचा वेग पाऊणपट करण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. लिखित मजकूर उपलब्ध असेल तर तो अगोदर वाचावा आणि मग ऐकावे. इंग्रजीची भीती याने पुष्कळ कमी होते. चित्र जितके स्पष्ट तितका डेटा अधिक खर्च होतो, तेव्हा फळ्यावरील अक्षरे वाचता येतील इतपतच स्पष्टता ठेवावी.

मनन: प्रत्येक तुकडा संपल्यावर यंत्र बंद करून, वहीकडे न पाहता, काय ऐकले ते मराठीत चार-पाच वाक्यांत लिहावे. जेथे वाक्य अडते तेथे समज अपुरी आहे असे जाणावे आणि तेवढाच भाग पुन्हा ऐकावा. ही रीत केवळ परंपरेची नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की, मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांच्या एका आठवड्यानंतर अधिक ध्यानात राहतो. आठवण्याच्या श्रमानेच स्मरण पक्के होते. इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द शोधण्याचे कामही याच वेळी करावे. परिभाषाकोशातील शब्द मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास अर्थ साध्या वाक्यात सांगावा.

निदिध्यासन: ऐकलेली गोष्ट आचरणात आणल्यावाचून ती आपली होत नाही. टाचणवहीत एक कोरे पान राखून, या आठवड्यात जे ऐकले त्यातील कोणती गोष्ट वर्गात उतरली, हे त्यावर लिहावे. गोष्ट लहान असली तरी चालेल. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी मुलांना अधिक वेळ देणे, एकच उदाहरण दोन प्रकारे मांडणे, 'मला ठाऊक नाही, उद्या शोधून सांगतो' असे मोकळेपणाने म्हणून खरोखरच दुसऱ्या दिवशी उत्तर आणणे, हीही निदिध्यासनाचीच फळे होत.

एकट्याने ऐकण्यापेक्षा चौघांनी मिळून ऐकणे अधिक फलदायी होते. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत अर्धा तास यासाठी राखता येईल. एका शिक्षकाने व्याख्यानाचा वीस मिनिटांचा भाग अगोदर ऐकून त्याचा मराठी सारांश करावा, तो सर्वांपुढे मांडावा, मूळ व्याख्यानातील पाच-सात मिनिटे सर्वांनी मिळून पाहावीत आणि मग चर्चा करावी. पुढील महिन्यात ही जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी. असे वर्षभर चालल्यास दहा विषयांचे सारांश केंद्राच्या दप्तरी जमतील आणि नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकास ते वाचावयास मिळतील. मुद्रित व्याख्यानात जो संवाद नाही, तो अशा रीतीने शिक्षकांनी आपसांत निर्माण करावयाचा आहे.

मुलांसाठी उपयोग

ही व्याख्याने प्राथमिक शाळेतील मुलांना लावून दाखवू नयेत. ती त्यांच्यासाठी नाहीत. परकीय भाषेतील लांबलचक बोलणे ऐकवून त्यांना कंटाळा मात्र येईल. व्याख्यान शिक्षकाने पचवावे आणि मुलांना त्याच्या बोलीत, त्यांच्या उदाहरणांनी द्यावे.

तथापि एक उपयोग अवश्य करावा. गावातील जी मुले-मुली बारावी होऊन पुढे जाणार असतात, त्यांना विद्यापीठातील वर्ग कसा असतो याची काहीच कल्पना नसते. घरात कोणी महाविद्यालय पाहिलेले नसते. शहरातील पहिल्याच तासाला इंग्रजी ऐकून ती बिचकतात आणि दोष आपल्या बुद्धीचा आहे असे समजून कित्येक जण परत फिरतात. अशा विद्यार्थ्यांना सुटीच्या दिवशी शाळेत बोलावून त्यांच्या आवडीच्या विषयाचे एखादे प्रास्ताविक व्याख्यान दाखवावे आणि पहिल्यांदा न समजणे हे स्वाभाविक आहे, पुन्हा ऐकले की समजते, एवढे प्रत्यक्ष अनुभवास आणून द्यावे. जुन्या विद्यार्थ्यावर शिक्षकाचा असलेला अधिकार येथे कामी येतो.

सारांश

विद्यापीठांची दारे सर्वांना खुली झाली असे म्हणणे हे अर्धसत्य आहे. प्रवेश, परीक्षा, पदवी आणि गुरूचा सहवास यांची दारे आजही पूर्वीइतकीच अरुंद आहेत. खुली झाली आहे ती वर्गाची खिडकी. तिच्याशी उभे राहून आत चाललेले अध्यापन कोणासही ऐकता येते. पूर्वी ती खिडकी शोधण्यासाठी गाव सोडावे लागे. आता ती शिक्षकाच्या खोलीत आहे.

तिच्याशी रोज थोडा वेळ उभे राहावयाचे की नाही, हे कोणत्याही परिपत्रकाने ठरणार नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रत्येकी अर्धा तास दिला तरी वर्षाकाठी पन्नास तास होतात आणि तेवढ्यात एक संपूर्ण प्रास्ताविक अभ्यासक्रम ऐकून, टिपून होतो. असा शिक्षक वर्गात उभा राहिला म्हणजे मुलाच्या प्रश्नाने तो गांगरत नाही. आपणही अद्याप विद्यार्थी आहोत हे त्याला ठाऊक असते, आणि ते मुलांनाही दिसते.